घरात राखलेला देश : पॅराग्वेविषयी प्रस्तावना

दक्षिण अमेरिकेत समुद्रकिनारा नसलेले देश दोनच : बोलिव्हिया आणि पॅराग्वे. बोलिव्हियाबद्दल मराठी वाचकाने थोडंफार ऐकलेलं असतं. चे गेव्हाराचा शेवट तिथे झाला, टिटिकाका सरोवर तिथलं, मिठाचं ते अफाट पांढरं मैदानही तिथलंच. पॅराग्वेचं नाव मात्र फुटबॉलच्या विश्वचषकापुरतं कानावर पडतं, आणि तेवढ्यातही पुष्कळदा उरुग्वेशी त्याची गल्लत होते. ज्या देशाने आपली, अनेकांच्या मते निम्म्याहून अधिक, माणसं एका युद्धात गमावली आणि तरीही आपली भाषा सोडली नाही, त्याच्याबद्दल आपल्याकडे इतकं कमी लिहिलं जावं, हे मला नेहमी खटकत आलं. हे पुस्तक त्यातून उभं राहिलं.

पॅराग्वेचा इतिहास बहुतेक ठिकाणी हुकूमशहांची मालिका म्हणून सांगितला जातो. आधी डॉक्टर फ्रान्सिया, मग लोपेझ बाप-लेक, मग विसाव्या शतकात जनरल स्ट्रोएसनर. ही माणसं महत्त्वाची होती यात शंका नाही, त्यांच्यावर या पुस्तकात पुरेशी पानं खर्ची पडली आहेत. पण जितकं वाचत गेलो तितकं पटत गेलं की या मंडळींनी देश चालवला असेल, राखला मात्र दुसऱ्यांनीच. सरकारं कोसळली, सरहद्दी मागे सरकल्या, राजधानी लुटली गेली, जमिनी विकल्या गेल्या. या सगळ्यातून तरलं ते घर : चुलीशी बोलली जाणारी ग्वारानी भाषा, परसातला कसाव्याचा कंद आणि ते दोन्ही सांभाळणाऱ्या बायका. पुढची प्रकरणं वेगवेगळ्या विषयांवर असली तरी त्यांच्यामागचं सूत्र हेच आहे.

आधी भूगोल. पॅराग्वेचं क्षेत्रफळ ४ लाख ६ हजार ७५२ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सव्वापटीहून मोठं. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे ६१ लाख, म्हणजे २०११ च्या मुंबईच्या निम्मी. उत्तरेला आणि वायव्येला बोलिव्हिया, पूर्वेला ब्राझील, दक्षिणेला अर्जेंटिना. मकरवृत्त या देशावरून जातं. ज्या नदीवरून देशाला नाव मिळालं ती पॅराग्वे नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत त्याचे दोन भाग करते, आणि हे दोन भाग एकमेकांसारखे अजिबात नाहीत. नदीच्या पूर्वेला तांबडी माती, भरपूर पाऊस, लहान टेकड्या, ओढे, गावं, शेती. पश्चिमेला चाको. देशाची सुमारे साठ टक्के जमीन या चाकोत आहे आणि माणसं शंभरातली जेमतेम तीन-चार. काटेरी झुडपं, बाटलीसारख्या फुगीर खोडाची झाडं, पावसाळ्यात मैलोन्‌मैल साचलेलं पाणी आणि कोरड्या हंगामात पाण्याचा थेंब नाही. पारा चाळिशीच्या वर जाणं तिथे नेहमीचंच. जमिनीखालचं पाणी बऱ्याच भागात खारं. कधीकाळी समुद्र होता त्याची ही खूण, असं भूवैज्ञानिक सांगतात.

भूवेष्टित म्हटलं की कोंडलेला देश डोळ्यांपुढे येतो. पॅराग्वेच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे. पॅराग्वे नदी दक्षिणेला पाराना नदीला मिळते, पाराना पुढे रिओ दे ला प्लाताच्या विशाल मुखातून अटलांटिकला पोहोचते. राजधानी असुन्सियोनपासून समुद्र दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे, पण वाट सलग पाण्याची आहे. सोयाबीन, मका, मांस याच वाटेने बाहेर जातं, इंधन याच वाटेने आत येतं. नदीतल्या मालवाहू बार्जेसचा पॅराग्वेचा ताफा जगातल्या मोठ्या ताफ्यांपैकी एक आहे. किनारा नसलेल्या या देशाला नौदलही आहे. फक्त या वाटेचं खालचं टोक कायम दुसऱ्याच्या हातात राहिलं. ब्युनॉस आयर्सने जकात वाढवली किंवा नदी अडवली की असुन्सियोनचा श्वास अडके. पॅराग्वेच्या राजकारणातल्या कितीतरी गोष्टी या एका अडचणीतून उलगडतात, म्हणून नद्यांचं प्रकरण मी इतिहासाच्या आधी ठेवलं आहे.

असुन्सियोन १५ ऑगस्ट १५३७ रोजी वसलं. स्पॅनिश लोक इथे सोन्या-चांदीच्या शोधात आले होते. पेरूच्या चांदीकडे जायचा रस्ता चाकोतून जाईल, असा त्यांचा अंदाज. रस्ता सापडला नाही, सोनंही सापडलं नाही, आणि ते इथेच राहिले. आसपासच्या ग्वारानी लोकांना चाकोतल्या शत्रूंविरुद्ध सोबती हवे होते. त्यांनी पाहुण्यांना मुली-बहिणी देऊन नातं जोडलं, कारण त्यांच्या रिवाजात मेहुणा म्हणजे कामात आणि लढाईत मदतीला येणारा माणूस. स्पॅनिशांनी या नात्याचा फायदा तेवढा घेतला. थोड्याच वर्षांत बायका पळवणं, त्यांना शेतावर राबवणं, त्यांची अदलाबदल करणं सुरू झालं. दोन वंशांच्या गोड मिलनाची जी कथा पुढे शाळांतून शिकवली गेली ती मला मान्य नाही. ग्वारानींनी त्या काळात वारंवार बंडं केली, तीच या कथेला पुरेसं उत्तर देतात. पण त्या घरांतून एक परिणाम झाला, तो कोणी योजलेला नव्हता. स्पेनहून बायका फारशा आल्याच नाहीत. मुलं आयांच्या अंगाखांद्यावर वाढली, आयांची भाषा बोलली आणि पुढे जमीनदार, शिपाई, पाद्री झाली तरी घरी ग्वारानीच बोलत राहिली. त्या मुलांची पुढची पिढी नदीने खाली गेली. १५८० मध्ये ब्युनॉस आयर्स दुसऱ्यांदा वसवायला जी मंडळी गेली ती असुन्सियोनचीच.

ग्वारानीचा कोश आणि व्याकरण छापून निघालं ते जेझुइट पाद्र्यांमुळे. १६०९ पासून त्यांनी ग्वारानींची वेगळी गावं वसवायला सुरुवात केली. पुढे ती तीस झाली. त्यांतली आठ आजच्या पॅराग्वेत, बाकीची अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये येतात. लिमात जन्मलेला आंतोनियो रुईझ दे मोंतोया हा या कामातला मोठा माणूस. त्याचा ग्वारानी कोश १६३९ मध्ये आणि व्याकरण १६४० मध्ये माद्रिदला छापलं गेलं. मराठी वाचकाला इथे एक ओळखीचं नाव आठवेल. १६१६ मध्ये मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापणारे फादर थॉमस स्टीफन्स याच जेझुइट संघाचे, आणि त्यांचं कोकणी व्याकरण गोव्यात रायतूरला छापून निघालं तेही १६४० मध्येच. धर्मप्रसारासाठी लोकभाषा शिकायची, तिचं व्याकरण लिहायचं, तिच्यातून शिकवायचं, हा एकाच संघाचा कार्यक्रम जगाच्या दोन टोकांना एकाच वेळी चालू होता. ग्वारानी वसाहतींत पुढे छापखानाही आला आणि १७०५ मध्ये तिथे ग्वारानी ग्रंथ छापला गेला.

या वसाहतींना स्वर्ग म्हणणारे आहेत आणि तुरुंग म्हणणारेही. घंटेवर उठायचं, घंटेवर शेतात जायचं, साथीच्या रोगांत हजारोंनी मरायचं. पण गावाबाहेर जे वाट पाहत होतं ते अधिक भयानक होतं. साओ पाउलोहून येणाऱ्या टोळ्या माणसं पकडून गुलाम म्हणून विकत. १६३१ मध्ये मोंतोयाने सुमारे बारा हजार माणसांना सातशे तराफ्यांवर चढवून पाराना नदीतून दक्षिणेकडे हलवलं. वाटेत ग्वायराचा प्रचंड धबधबा आडवा आला. तराफे फुटले, माणसं जंगलातून पायी चालली, भुकेने आणि तापाने कितीतरी मेली. दहा वर्षांनी, १६४१ मध्ये, एम्बोरोरेच्या लढाईत ग्वारानींनी बंदुका हातात घेऊन त्या टोळ्यांना मागे रेटलं. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकललं आणि गावं ओस पडत गेली. त्रिनिदाद आणि हेसूस इथल्या तांबड्या दगडांच्या भिंती आजही उभ्या आहेत. १९९३ पासून त्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

१८११ मध्ये स्वातंत्र्य आलं आणि तीन वर्षांत सत्ता होसे गास्पार रोद्रिगेझ दे फ्रान्सिया या वकिलाच्या हाती गेली. १८४० मध्ये मरेपर्यंत ती त्याच्याचकडे होती. त्याने सरहद्दी जवळजवळ बंद केल्या, चर्चची मालमत्ता सरकारजमा केली, विरोधकांना अंधारकोठडीत टाकलं, आणि युरोपीय पुरुषांना आपसांतल्या गोऱ्या कुळांत लग्न करायला बंदी घालून मिश्र आणि मूळ रहिवासी घराण्यांत लग्न करायला भाग पाडलं. जुन्या स्पॅनिश कुळांची मिजास त्याने अशी मोडली. ऑगुस्तो रोआ बास्तोस यांची १९७४ ची ‘यो एल सुप्रेमो’ ही कादंबरी याच माणसावर आहे. फ्रान्सियाबद्दल माझं स्वतःचं मत प्रकरणात आहे. इथे इतकंच म्हणतो की त्याच्या काळात पॅराग्वेत मोठे जमीनदार उरले नाहीत आणि शेजाऱ्यांच्या यादवी युद्धांत पॅराग्वेची माणसं मेली नाहीत. त्याच्यानंतर कार्लोस आंतोनियो लोपेझने दारं उघडली. इबिकुईला लोखंडाचा कारखाना निघाला, इंग्रज तंत्रज्ञ आले, १८६१ मध्ये रेल्वे धावली.

आणि मग ते युद्ध. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्याचं आहे आणि ते आखडतं घेणं मला जमलं नाही. १८६४ मध्ये ब्राझीलने उरुग्वेच्या राजकारणात सैन्य घुसवलं. कार्लोस आंतोनियोचा मुलगा फ्रान्सिस्को सोलानो लोपेझ तेव्हा सत्तेवर होता. उरुग्वेचा तोल गेला तर नदीचं तोंड आपल्याला कायमचं बंद होईल, असं त्याला वाटलं. त्याने ब्राझीलवर हल्ला केला, मग वाट न देणाऱ्या अर्जेंटिनावरही. १ मे १८६५ रोजी ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे यांनी त्याच्याविरुद्ध करार केला. पुढची लढाई मुख्यतः नदीची होती : उमायताच्या किल्ल्यापाशी पॅराग्वे नदी वळते, आणि त्या वळणावरच्या तोफांनी शत्रूचं चिलखती आरमार कितीतरी महिने रोखून धरलं.

त्या काळातल्या दोन वस्तू मला पानभर आकडेवारीपेक्षा जास्त सांगतात. एक तोफ. नाव ‘एल क्रिस्तियानो’, म्हणजे ख्रिस्ती. तोफेसाठी धातू नव्हता, म्हणून गावोगावच्या चर्चमधल्या घंटा उतरवून वितळवल्या आणि बारा टनांची ती तोफ ओतली. आज ती रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात युद्धातली लूट म्हणून ठेवलेली आहे आणि पॅराग्वे ती परत मागतं आहे. दुसरी वस्तू म्हणजे ‘काबिचुई’ हे वृत्तपत्र. १८६७ मध्ये पासो पुकूच्या लष्करी छावणीत ते निघू लागलं. नाकाबंदीमुळे कागद संपला तेव्हा कारागुआता नावाच्या काटेरी पानांच्या झुडपाच्या तंतूंपासून कागद केला गेला. शिपायांनी लाकडी ठशांवर चित्रं कोरली : ब्राझीलचा सम्राट, मित्रराष्ट्रांचे सेनापती, त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या गांधीलमाश्या. मजकूर स्पॅनिशमध्ये आणि ग्वारानीत. ज्या शिपायांना वाचता येत नव्हतं त्यांना ते शेकोटीभोवती वाचून दाखवलं जाई. सरकारला लढण्यासाठी माणसं हवी होती आणि माणसांपर्यंत पोहोचायचं तर त्यांच्या घरातल्या भाषेतच बोलावं लागणार होतं.

उमायता १८६८ मध्ये पडलं, १८६९ च्या जानेवारीत असुन्सियोन लुटलं गेलं. लोपेझ मागे हटत राहिला आणि मागे हटताना कटाच्या संशयावरून स्वतःच्या भावांना, अधिकाऱ्यांना, पाद्र्यांना मारत राहिला. १६ ऑगस्ट १८६९ रोजी आकोस्ता न्यूच्या माळावर त्याच्याकडे उरली होती ती मुख्यतः मुलं आणि म्हातारे. लांबून मोठे दिसावेत म्हणून मुलांनी खोट्या दाढ्या लावल्या होत्या, असं सांगतात. पॅराग्वेत बालदिन १६ ऑगस्टला असतो तो या मुलांसाठी. १ मार्च १८७० रोजी सेरो कोरा इथे लोपेझ मारला गेला. त्याला आणि त्यांच्या मुलाला मूठमाती दिली ती त्याची आयरिश सहचारिणी एलिझा लिंच हिने, आपल्या हातांनी.

नेमकी किती माणसं गेली यावर इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे, कारण युद्धाआधीचे आकडे भरवशाचे नाहीत. निम्म्याहून अधिक लोकसंख्या गेली असं मानणारे पुष्कळ आहेत. प्रौढ पुरुष तर फारच थोडे उरले यावर फारसं दुमत नाही. ब्राझील आणि अर्जेंटिनाने मोठा मुलूख घेतला. लोपेझला वीर म्हणायचं की राष्ट्राचा घातक, हा वाद असुन्सियोनमध्ये आजही तापतो. माझं मत स्पष्ट आहे : शेजाऱ्यांची हाव खरी होती, पण पराभव ठरल्यानंतरची दोन वर्षं आणि त्यांत मेलेली मुलं यांचा हिशेब लोपेझच्याच नावावर मांडावा लागेल.

राखेतून देश उभा केला तो बायकांनी. युद्धात त्या सैन्यामागून चालत होत्या, जखमींना पाहत होत्या, शेतं पिकवत होत्या. २४ फेब्रुवारी १८६७ ला त्यांनी दागिने देशासाठी दिले, म्हणून तो दिवस तिथे महिला दिन मानतात. त्या देण्यामागे सत्तेचा धाकही होता, हेही सांगायला हवं. ज्यांच्या घरातल्या पुरुषांवर फितुरीचा ठपका आला त्या बायकांना मुलांसकट जंगलात हाकललं गेलं. त्यातून वाचलेल्यांनी १८७० नंतर नांगर धरला, बाजार भरवला, कसावा लावला, मुलं वाढवली. बाप नसलेल्या त्या पिढीने आईचीच भाषा उचलली. शाळेत मात्र ग्वारानी बोललं की शिक्षा होई. मागासलेपणाचं कारण तीच, असं नव्या सुशिक्षित राज्यकर्त्यांचं मत होतं. त्याच राज्यकर्त्यांनी १८८३ आणि १८८५ च्या कायद्यांनी सरकारी जमिनी विक्रीला काढल्या आणि जंगलं, येर्बा या चहासारख्या पानांच्या झाडाची बनं, चाकोची रानं परदेशी कंपन्यांकडे गेली. आणि ज्या बायकांनी देश सावरला त्यांच्या लेकी-नातींना मतदानाचा हक्क मिळाला १९६१ मध्ये, साऱ्या लॅटिन अमेरिकेत सगळ्यांत शेवटी. सेराफिना दावालोस या देशातल्या पहिल्या महिला वकिलाने समान हक्कांची मांडणी आपल्या प्रबंधात १९०७ मध्येच केली होती.

दुसरं मोठं युद्ध बोलिव्हियाशी झालं, १९३२ ते १९३५. समुद्र नसलेले दोन गरीब देश चाकोसाठी लढले. बोलिव्हियाने आपला किनारा चिलीकडे गमावला होता आणि पॅराग्वे नदीतून त्याला वाट हवी होती. चाकोखाली तेल आहे अशी हवाही होती. दोन्हीकडची मिळून सुमारे एक लाख माणसं मेली, त्यांतली फार मोठी संख्या तहानेने आणि रोगाने. एका विहिरीसाठी लढाया झाल्या. पॅराग्वेचे सेनापती एस्तिगारिबिया यांच्या यशात पाण्याच्या गाड्या वेळेवर पोहोचवण्याचा वाटा बंदुकांइतकाच होता. आणि ज्या भाषेसाठी शाळेत छडी बसे ती आता आघाडीवरच्या टेलिफोनवर वापरायचा हुकूम निघाला, कारण शत्रूने तार ऐकली तरी त्याला ती समजत नव्हती.

स्ट्रोएसनरची राजवट १९५४ ते १९८९ अशी पस्तीस वर्षं चालली. त्याबद्दल इथे एकच प्रसंग सांगतो. २२ डिसेंबर १९९२ रोजी मार्तिन आल्मादा हे शिक्षक आणि न्यायाधीश होसे आगुस्तिन फर्नांदेझ हे असुन्सियोनजवळच्या लाम्बारे इथल्या पोलीस ठाण्यात शिरले. आल्मादा स्वतः तुरुंगात छळ सोसलेले. त्यांची पत्नी त्याच काळात वारली होती. ठाण्यात ढिगाने कागद सापडले : अटकेच्या नोंदी, छायाचित्रं, टेप, शेजारच्या देशांच्या गुप्त पोलिसांशी झालेला पत्रव्यवहार. ‘दहशतीचं दप्तर’ म्हणून ते आज ओळखलं जातं. दक्षिण अमेरिकेतल्या लष्करी राजवटी एकमेकींच्या विरोधकांना कशा पकडून देत होत्या, याचा लेखी पुरावा त्यात मिळाला. २००९ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली.

स्ट्रोएसनरच्याच काळात १९७३ मध्ये ब्राझीलशी इताइपू धरणाचा करार झाला. चौदा हजार मेगावॉट क्षमता, म्हणजे आपल्या कोयना प्रकल्पाच्या सातपट. वीज निम्मी-निम्मी, पण पॅराग्वेला जी नको असेल ती ब्राझीललाच द्यायची, दुसऱ्या कोणाला विकायची नाही, असं कलम करारात होतं. ते किती अन्यायाचं, यावर देशाचं राजकारण पन्नास वर्षं घुसळत राहिलं. बांधकामाचं कर्ज २०२३ मध्ये फिटलं आणि नव्या अटींची बोलणी सुरू झाली. वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मोंतोयाचे तराफे ज्या ग्वायराच्या धबधब्यावर फुटले, तो १९८२ मध्ये या धरणाच्या पाण्याखाली गेला. आणि काठच्या आवा ग्वारानी वस्त्याही उठल्या.

आता रोजचं जगणं. पॅराग्वेत सगळ्यांना जोडणारी एक गोष्ट असेल तर ती तेरेरे. बैलाच्या शिंगाचा किंवा लाकडाचा पेला, त्यात दोन-तृतीयांश येर्बाची भरड पानं, तळाशी गाळणी असलेली धातूची नळी आणि बर्फाचं पाणी. कोपऱ्यावर वनौषधी विकणाऱ्या बायका बसतात. गिऱ्हाइकाने पोट बिघडल्याचं किंवा डोकं दुखत असल्याचं सांगितलं की त्या चार जुड्यांतून पानं-मुळं निवडतात, लाकडी उखळात ठेचतात आणि पाण्यात सोडतात. पेला एकच असतो. भरणारा एक, तो भरून देतो, घेणारा संपवून परत करतो, मग पुढच्याची पाळी. आभार मानले की आता पुरे असा अर्थ. मंत्री असो वा गवंडी, पद्धत हीच. २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेला मान्यता दिली. पण याच येर्बाच्या बनांत मजूर उचलीच्या कर्जात बांधले जात आणि पळाले तर गोळ्या खात, हे पत्रकार राफाएल बारेत यांनी १९०८ मध्ये लिहून ठेवलं आहे. तेरेरेचं प्रकरण त्यांच्याशिवाय लिहिता आलं नसतं.

ताटात भाकरीच्या जागी उकडलेला कसावा असतो. त्याच्याच पिठात चीज आणि अंडी घालून मातीच्या भट्टीत चिपा भाजतात, पवित्र सप्ताहात तर घरोघरी. आपल्या उपासाचा साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वाचा, आणि खिचडीतला शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतल्या मूळ शेतकऱ्यांनीच जगाला दिलेला. साखरेऐवजी वापरतात ती स्टीव्हियाची पानंसुद्धा पॅराग्वेच्या ईशान्येकडच्या आमाम्बाय भागातली. १८९९ मध्ये मोइसेस बेर्तोनी यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा ग्वारानी ती गोडी पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते. इताउग्वा गावात बायका न्यांदुती विणतात : चौकटीवर कापड ताणायचं, त्यावर चाकाच्या आऱ्यांसारखे धागे टाकायचे, सुईने त्यांत पेरूची किंवा मोगऱ्याची फुलं भरायची, खळ द्यायची आणि शेवटी खालचं कापड कापून काढायचं. उरतं ते जाळं. संगीतात हार्प आणि ग्वारानिया. होसे आसुन्सियोन फ्लोरेस यांनी १९२५ च्या सुमारास घडवलेला हा संथ, आर्त गानप्रकार. फ्लोरेस मात्र हुकूमशाहीमुळे परदेशातच, १९७२ मध्ये, वारले.

१९९२ च्या संविधानाने ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केलं. अमेरिका खंडात मूळ रहिवाशांची भाषा इतर लोकांनीही बहुसंख्येने बोलावी, असं उदाहरण दुसरं नाही. मराठीतल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यातला भेद स्पॅनिशला नाही, ग्वारानीला आहे. बाजारात, बसमध्ये, फुटबॉलच्या मैदानावर दोन्ही भाषांची सरमिसळ ऐकू येते. सूसी देल्गादो यांच्यासारख्या कवयित्री ग्वारानीत लिहितात, देल्गादो यांना २०१७ चा राष्ट्रीय साहित्य पुरस्कारही मिळाला. तरी कोर्टात, बँकेत, दवाखान्याच्या अर्जावर स्पॅनिशचाच अंमल आहे, आणि खेड्यातली म्हातारी तिथे गेली की गप्प होते.

याहून जास्त सलणारी गोष्ट वेगळी आहे. भाषेचा मान वाढला. ती ज्यांनी दिली त्या लोकांचा वाढला नाही. देशात मूळ रहिवाशांचे १९ समाज आहेत, सगळे मिळून लोकसंख्येच्या शेकडा दोन-अडीच. पूर्वेला सोयाबीनची शेतं एम्बिया आणि आवा ग्वारानींच्या रानांवर चालून आली. चाकोत गुरांसाठी जंगल तोडलं जातंय, आणि त्या जंगलात आयोरेओंचे काही गट अजून बाहेरच्या जगापासून लांब राहू पाहतात. तिथेच मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांच्या वसाहती आहेत. १९२७ पासून कॅनडाहून, मग रशियातून आलेले हे लोक जुनी जर्मन बोली बोलतात आणि त्यांच्या दूध-संघांवर देशाचा मोठा दूधपुरवठा चालतो. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे; ती जमीन त्याआधी रिकामी होती असं मात्र म्हणता येणार नाही. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २००५, २००६ आणि २०१० मध्ये चाकोतल्या तीन समाजांच्या बाजूने, पॅराग्वे सरकारच्या विरोधात निकाल दिले, आणि त्यांची अंमलबजावणी वर्षानुवर्षं रेंगाळली. बिगर-आदिवासी शेतकऱ्यांचीही जमिनीची भूक भागलेली नाही. २०१२ च्या जूनमध्ये कुरुग्वाती इथे जमिनीच्या वादात १७ माणसं मेली, आणि आठवड्याभरात त्या निमित्ताने राष्ट्राध्यक्ष फर्नांदो लुगो यांना पदावरून काढलं गेलं.

वाचकाला दोन विनंत्या. पहिली, वाचताना नकाशा जवळ ठेवावा आणि प्रत्येक प्रकरणाची सुरुवात नदीपासून करावी. गावं, लढाया, धरणं यांची संगती त्याने लागते. दुसरी, पुस्तकात जिथे जिथे ‘ग्वारानी’ येईल तिथे थांबून पाहावं : बोलणं भाषेबद्दल चाललं आहे, की माणसांबद्दल? पॅराग्वेच्या सरकारांनी हा फरक सोयीने पुसला. मी तो जपण्याचा प्रयत्न केला आहे, आणि कुठे निसटला असेल तर वाचकांनी जरूर कळवावं.